नळी क्रमांक ४७ : जनावरांच्या रोगांवरच्या संशोधनात गेलेली बत्तीस वर्षं

कृष्णाकाठ (धागा काढणारे)

शेजारची मुलगी यंदा बारावी झाली. नीटला गुण बरे आहेत, पण एमबीबीएसला पुरणार नाहीत. परवा तिचे वडील तिला घेऊन आले. म्हणाले, "दादा, व्हेटर्नरीला घालू का? आणि ही म्हणते, तुमच्यासारखं संशोधनच करायचं. त्यात राम आहे का?" चहा होईपर्यंत जेवढं सुचलं तेवढं बोललो, पण ते गेल्यावर चुटपूट लागली. म्हणून इथं नीट लिहितो. मुलगी हा धागा वाचणार आहे, तेव्हा तुमचेही अनुभव लिहा.

मी वाळवा तालुक्यातला. घरी दोन म्हशी आणि खिलारी बैलजोडी. १९८० च्या दशकात परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. ते १८८६ सालचं. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय १९८८ मध्ये निघालं, त्यामुळे आता सातारा-सांगलीच्या मुलांना परळ गाठावंच लागतं असं नाही. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात वर्षभराची इंटर्नशिप. पुढे एमव्हीएससीची दोन वर्षं आणि पीएचडीची किमान तीन. बरोबरीची मुलं पगार घरी आणू लागतात तेव्हा संशोधनाकडे गेलेलं पोर अजून विद्यावेतनावर असतं. घरच्यांनी एवढी गोष्ट आधीच मनाशी धरावी.

आता मूळ मुद्दा. या कामात राम आहे का?

आपल्या देशातली या विषयाची पहिली मोठी प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली, १८८९ मध्ये. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, कारण बुळकांडीसारख्या रोगावर काम करायचं तर गुरांच्या वस्तीपासून लांब आणि थंड जागा हवी होती. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. बुळकांडी म्हणजे काय ते माझे आजोबा सांगायचे. सोमवारी एक बैल हागवणीनं बसला की पुढच्या बाजारापर्यंत दावण रिकामी. आपल्याकडे तिचा शेवटचा रुग्ण १९९५ मधला, आणि २०११ मध्ये सगळं जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग. आज शिकणाऱ्या मुलांनी बुळकांडीचं जनावर पाहिलेलं नाही, आणि ते त्यांना पाहावं लागत नाही ही या शास्त्राची कमाई आहे. लस बनवणारे, बर्फाच्या पेट्या घेऊन वाड्या-वस्त्या फिरणारे, शेवटची कित्येक वर्षं "रोग खरंच गेला का" हे शोधत रक्त तपासणारे, असे हजारो लोक त्यामागे होते. त्यांतल्या बहुतेकांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत.

माझ्या वाट्याला आला ब्रुसेलोसिस. म्हणजे सांसर्गिक गर्भपात. गाय-म्हैस सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, पुढं ती उलटत राहते, म्हणजे भरवली तरी गाभण ठरत नाही. बऱ्याच जनावरांत एकदा गाभडल्यावर पुढची वेतं वरकरणी ठीक होतात, पण जंतू अंगात राहतो आणि दुधातून, सोटातून (योनीतून येणाऱ्या चिकट स्रावातून) बाहेर पडत राहतो. माणसाला झाला की महिनोन्महिने ताप.

एमव्हीएससीच्या प्रबंधासाठी मी आमच्याच भागातल्या गावांतून रक्ताचे नमुने घेत होतो. म्हशीच्या मानेच्या खोबणीत अंगठा दाबून धरला की शीर दोरीसारखी फुगते. सुई घालायची, नळी भरायची आणि ती हलू न देता तिरकी ठेवायची. एसटीच्या धक्क्यांत रक्त फुटलं की सगळं लालभडक होतं, तपासणीच्या कामाचं राहत नाही. म्हणून गावातल्या दूध संस्थेच्या खोलीत मुक्काम करायचो. रात्रभर नळ्या तिरक्या. सकाळी गुठळी खाली आणि वर करडईच्या तेलासारखं पिवळसर रक्तजल. ते वेगळं काढून थर्मासात बर्फावर ठेवायचं आणि मग एसटी पकडायची.

तपासणी अगदी साधी. पांढऱ्या टाइलवर एक थेंब रक्तजल आणि एक थेंब गुलाबी अँटिजेन, म्हणजे मारून रंगवलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण. काडीनं मिसळायचं, टाइल हातात घेऊन चार मिनिटं हळूहळू हलवत राहायचं. जनावर निरोगी असेल तर थेंब गुलाबी दुधासारखा एकजीव राहतो. रोग असेल तर दूध नासल्यासारखे कण धरतात. नळी क्रमांक ४७ ला दुसऱ्याच मिनिटाला कण धरले. मी वहीत अधिकची खूण केली आणि ४८ घेतली.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. दोन वर्षांनी त्याच गावात लग्नाला गेलो होतो. मांडवात एक बाई जवळ आल्या. "डाक्टर, माझ्या म्हशीचं रगत नेलं हुतं तुमी. काय निघालं हो त्यात?"

४७ नंबर त्यांचाच होता. मधल्या काळात ती म्हैस आणि गोठ्यातली दुसरीही गाभडली होती. अडकलेली वार त्यांच्या मालकांनी उघड्या हातानं ओढून काढली होती. त्यांना आठ महिने ताप येत-जात होता. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरलेली. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉईडचं औषध झालं, देवाचं झालं. त्यांना काय झालंय याचा धागा दोन वर्षं माझ्या वहीत पडून होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मिरजेला गेलो. तपासणीत ब्रुसेला निघाला. सहा आठवडे औषध चाललं, ताप गेला. कंबर मात्र पुरती सुटली नाही. त्या बाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच मला आजही लागतं.

तेव्हापासून एक ठरवलं. ज्याच्या दावणीचं रक्त घेतलं, त्याला निकाल कळल्याशिवाय ते काम पुरं झालं असं मानायचं नाही. नळीवर नंबर टाकला की तोच नंबर चिठ्ठीवर लिहून मालकाच्या हातात द्यायचा, आणि निकाल घेऊन परत जायचं. पुढं माझे शोधनिबंध छापून आले, परिषदा झाल्या. पण संशोधन कसं करायचं हे मी त्या मांडवात शिकलो.

मुलीला माझं उत्तर : हो, राम आहे. पण गोठ्यात परत जायची तयारी असेल तर.

---

येरळाकाठ

सर, मी खटाव तालुक्यात पशुधन विकास अधिकारी आहे. लिहिलंत ते मनापासून पटलं, तरी एक अडचण मांडतो.

निकाल सांगायचा, मान्य. पण सांगितल्यावर काय होतं? मी एका शेतकऱ्याला सांगितलं की तुमची गाय ब्रुसेलाची आहे, वेगळी बांधा, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या बाजाराला गाय विकली. त्याचं तरी काय चुकलं? गाय कापायला देता येत नाही, भरपाई मिळत नाही, दिवसाला दहा-बारा लिटरचं जनावर नुसतं पोसायचं कुठून? गाय ज्या गोठ्यात गेली तिथं तीन महिन्यांत दोन गाई गाभडल्या. तो गोठा माझ्याच हद्दीत, म्हणून मला कळलं. हद्दीबाहेर गेली असती तर कळलंही नसतं.

तेव्हापासून निकाल सांगताना जीभ अडखळते.

---

कृष्णाकाठ

येरळाकाठ, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. मीही तिथंच ठेचकाळलो आहे.

सुरुवातीला मी निकाल पोस्टकार्डावर लिहून पाठवायचो. गावात पोस्टकार्ड सगळे वाचतात. एका घरी कार्ड पोचलं त्याच संध्याकाळी संस्थेत त्यांचं दूध घेणं बंद झालं. खरं तर ते दूध पाश्चरायझेशनमध्ये जाणार होतं, त्या तापमानाला हा जंतू टिकत नाही. पण भीती पसरली ती पसरली. त्या कुटुंबाचे दोन महिने वाया गेले, आणि त्याला कारण माझं कार्ड. त्यानंतर निकाल फक्त तोंडी, फक्त मालकाला आणि मालकिणीला, गोठ्यात बसून. मालकिणीला आवर्जून, कारण धार, शेण, वासराचं सगळं त्याच बघतात. आजाराचा पहिला धोका त्यांच्याच हातांना.

विकण्याबद्दल. नुसता निकाल सांगून उठलो तर माणूस जनावर विकणारच. त्याच बैठकीत "ठेवून काय करता येईल" हे सांगितलं तर निम्मे तरी थांबतात, असा माझा अनुभव. गाभडलेलं किंवा विणारं जनावर वेगळ्या जागी बांधा. पडलेलं वासरू, वार, खालचा पेंढा चुना टाकून खोल पुरा. आपल्याकडे वार पोत्यात घालून वडाला टांगतात, दूध वाढतं म्हणून. त्या पोत्यातून खाली गळतं, कावळे-कुत्री ओढतात आणि रोग वस्तीभर फिरतो. हे सांगताना श्रद्धेची टिंगल करायची नाही. "ही म्हैस आजारी आहे, हिची तेवढी पुरा" असं म्हटलं की लोक ऐकतात. आणि घरातल्या कालवडींना, म्हशीच्या मादी वासरांना लस. त्या लसवलेल्या झाल्या की चार-पाच वर्षांत दावणीचं चित्र बदलतं.

भरपाईबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. ती असती तर आपल्या दोघांचीही जीभ अडखळली नसती.

---

माणदेशी मेंढका

राम राम. मी म्हसवडकडचा. आमच्यात मेंढरं गाभडली की "वारं लागलं" म्हणायचे. आता कळतंय वारं कसलं.

संशोधनाबद्दल माझंही एक सांगतो. फलटणच्या निंबकर संस्थेनं जुळ्या कोकरांची मेंढी तयार केली, तिचं नाव नारी सुवर्णा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "दोन कोकरं पाजायला दूध कुठनं आणायचं?" आमची मेंढरं आठ महिने रानोमाळ. पावसाळा सरला की खाली उसाच्या पट्ट्यात, रानात खतासाठी बसवायची, रोज नवं रान. एक कोकरू चालतंय, दुसरं पाठीवर टाकून किती न्यायची? पण संस्थेची माणसं हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं कळपातनं वहीपेन्सिल घेऊन हिंडली. कुठल्या मेंढीला किती, जगली किती, वजन किती. आम्ही सांगितलेलं लिहून घेतलं, म्हणून विश्वास बसला.

दूध-पाण्याची सोय असलेल्याला जुळं परवडतं, लांब फिरस्तीवाल्याला जपून. असं स्पष्ट सांगणारा शास्त्रज्ञ असला की आमची ना नाही.

---

कृष्णाकाठ

मेंढकेदादा, फार मोलाचं लिहिलंत. मुलीसाठी थोडी भर घालतो. जुळ्याचा तो जनुक सुंदरबनातल्या गरोळ नावाच्या लहानशा मेंढीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालची मेंढरं जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत हा गुण उतरला. नेमका बदल कुठल्या जनुकात आहे ते २००१ मध्ये सापडलं. त्यानंतर कोकरू लहान असतानाच रक्ताच्या थेंबावरून सांगता येऊ लागलं की याच्यात जुळ्याचा गुण आहे की नाही. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोळचा तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला, अंगापिंडानं ती दख्खनीच राहील अशा बेतानं. पिढ्यामागून पिढ्या संकर, निवड, नोंद. एका मेंढीची पिढी वाढायला लागणारा वेळ कुठल्याही यंत्रानं कमी होत नाही. या शास्त्रात धीर लागतो तो असा.

---

मिरज डॉक्टर

माणसांचा डॉक्टर आहे, तरी लिहितो. हा धागा माझ्या ओपीडीचाच आहे.

लांबलेला ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिला प्रश्न विचारतो, "घरी जनावरं आहेत का? एवढ्यात एखादं गाभडलं का?" हा प्रश्न मला पुस्तकानं नाही शिकवला. एका पशुवैद्यानंच शिकवला. तो स्वतः रुग्ण होऊन आला होता, अडकलेली वार काढताना फाटलेल्या हातमोज्यातून संसर्ग झालेला.

दुसरा प्रश्न, "कच्चं दूध पिता का?" आपल्या भागात तालमीत जाणारी पोरं धारोष्ण दुधावर वाढतात. म्हशीखाली तांब्या धरला की तसाच तोंडाला. त्यात ताकद आहे अशी पक्की समजूत. एक तरणाबांड पैलवान माझ्याकडे कंबर धरून वाकून चालत आला होता, एमआरआयमध्ये मणक्याला संसर्ग. औषधं तीन महिने चालली. आखाड्यात तो परत उतरला, पण वर्ष गेलं. वस्तादांना भेटून सांगितलं की दूध एकदा उकळू द्या, ताकद कुठं जात नाही. त्यांनी तालमीत चूल मांडली.

मुलीला एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधला. जंतू सापडला, पण तो माणसात येतो कुठून हे पुढं अठरा वर्षं कळलं नाही. १९०५ मध्ये माल्टाचेच संशोधक झॅमिट यांनी बेटावरच्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं आणि उत्तर तिथं होतं. १९०६ मध्ये सैन्यानं शेळीचं कच्चं दूध बंद केलं, सैनिकांमधला ताप झपाट्यानं ओसरला. जनावरांकडे बघायला इतकी वर्षं लागली.

---

शिरवळ तिसरं वर्ष

सर, मी शिरवळलाच शिकते. तुमचा लेख आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरतोय.

दोन शंका. एक, ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते, मग ती देणाऱ्याला धोका नाही का? आमच्यातल्या काही मुली या कारणानं सूक्ष्मजीवशास्त्र नको म्हणतात. दोन, घरचे म्हणतात मोठ्या जनावरांचं काम मुलींना झेपत नाही, त्यापेक्षा पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढ.

---

कृष्णाकाठ

धोका आहे. तो लपवणार नाही. एस-१९ ही लस जिवंत आहे, सुई हाताला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर आजार होऊ शकतो. म्हणून हातमोजे, चष्मा, आणि टोचलंच तर लाज न बाळगता त्याच दिवशी डॉक्टर. जंतू वाढवण्याचं काम तर बंदिस्त, सुरक्षित प्रयोगशाळेतच करायचं. घाई करणाऱ्यानं या जंतूच्या वाटेला जाऊ नये.

या लसीचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा काढला होता, तेव्हा तो चांगलाच जहाल होता. ते कल्चर (प्रयोगशाळेत नळीत वाढवलेले जंतू) वर्षाहून अधिक काळ खोलीतल्या साध्या तापमानाला तसंच राहिलं. नंतर तपासलं तर त्याचा जहालपणा उतरलेला, पण प्रतिकारशक्ती जागी करण्याचा गुण शाबूत. दुसऱ्या कुणी ती जुनी नळी धुवायला टाकली असती. अमेरिकन संशोधक जॉन बक यांनी ती तपासून पाहिली. आज आपल्या कालवडींना जी लस मिळते ती त्याच नळीची वंशज.

दुसऱ्या शंकेला माझ्यापेक्षा अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ अ‍ॅलिस इव्हान्स यांचं काम उत्तर देईल. गाईला गाभडवणारा जंतू आणि माल्टाच्या तापाचा जंतू जवळचे नातलग आहेत, तेव्हा गाईचं कच्चं दूध माणसाला धोक्याचं आहे, हे त्यांनी १९१८ मध्ये मांडलं. त्या काळी एका बाईचं, तेही पीएचडी नसलेल्या बाईचं, ऐकायला मोठमोठे शास्त्रज्ञ तयार नव्हते. प्रयोगशाळेत त्यांना स्वतःला हा आजार जडला आणि पुढं अनेक वर्षं त्यांनी तो सोसला. शेवटी त्यांचंच खरं ठरलं.

आणि माझा अनुभव सांगायचा तर माझ्या हाताखाली काम केलेल्या मुलींनी नमुने घेताना गोठ्यातल्या बायकांकडून जी माहिती काढली ती मला कधी मिळाली नव्हती. कुठली म्हैस कितव्या महिन्यात गाभडली, हे बाई परक्या पुरुषाला मोकळेपणानं सांगत नाही.

कुत्र्या-मांजरांचा दवाखानाही चांगलंच काम आहे. पण मन मोठ्या जनावरात असेल तर ते मारू नकोस.

---

पलूसची गोठेवाली

नमस्कार. माझ्याकडं सात गाई, दोन म्हशी. सगळं वाचून काढलं. त्या ताईंच्या ४७ नंबरपाशी थांबले, डोळ्यांत पाणी आलं.

गेल्या वर्षी आमच्याकडनंही रक्त नेलं. कानात बिल्ला मारला, बारा आकडी नंबर, फोटो काढला. कोण होते, कुठनं आले, काय निघालं, कुणाला माहीत नाही. दोनदा फोन केला तर "वर पाठवलंय" म्हणाले. आमच्या एका गाईनं मागल्या महिन्यात सात महिन्यांचं वासरू टाकलं. वार मीच काढली, हाताला पिशवी बांधून. आता भीती वाटतीय. ताप नाही सध्या.

माझ्या दोन कालवडी आणि एक रेडी आहे. त्यांना लस द्यायची का? आणि ज्या गाईनं टाकलं तिचं काय?

---

मिरज डॉक्टर

ताई, ताप नाही म्हणून थांबू नका. या आजाराला दिसायला काही आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन "गाभडलेल्या गाईची वार हातानं काढली" हे नेमक्या शब्दांत सांगा आणि रक्त तपासून घ्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप, घाम, कंबरदुखी झाली तर परत तपासा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला गोठ्यापासून लांब ठेवा.

---

कृष्णाकाठ

ताई, मी शनिवारी सकाळी धारेच्या वेळेला येतो. निवृत्त झालोय, पण रक्त काढता येतं अजून. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यांशी बोलून त्यांनाही बरोबर घेतो, म्हणजे नमुना रीतसर प्रयोगशाळेत जाईल.

तोवर त्या गाईला दावणीच्या शेवटी, उताराच्या बाजूला बांधा, तिचं पाणी-वैरण वेगळं. तिची धार सगळ्यांत शेवटी काढा आणि हात साबणानं धुवा. घरातलं सगळं दूध उकळून. जिथं वासरू पडलं तिथली माती खरवडून चुना मारा.

लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला नाही, वळूला नाही. आठ महिने उलटले असतील तर देऊ नका, नंतर तपासणीत रोग आहे की लसीचा परिणाम ते ओळखणं अवघड होतं. कालवडींचे जन्ममहिने आठवून लिहून ठेवा.

शेजारची मुलगी विचारतीय, ती पण आली तर चालेल का.

---

पलूसची गोठेवाली

या की. तिलाही आणा.

थोरली कालवड गौरी-गणपतीत झालेली, म्हणजे तिचं वय उलटून गेलं. धाकटी संक्रांतीच्या आदल्या दिवशीची, रेडी होळीची.

---

कृष्णाकाठ

धाकटी आणि रेडी दोन्ही बसतात. थोरलीचं नुसतं रक्त घेऊ. चिठ्ठ्या मी लिहून आणतो, नंबर तुमच्याकडे राहतील.